कार्बीन-स्थिरीकृत फॉस्फरस धनायन

कार्बीन लिगंडने (दोनच बंध आणि एक मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी असलेल्या कार्बन अणूचा, दाता म्हणून जोडला जाणारा रेणू) आपली इलेक्ट्रॉन-जोडी देऊन ज्यांची इलेक्ट्रॉनांची उणीव भरून काढली आहे आणि त्यामुळे जे स्फटिकरूपात हाती घेता येतात, अशा फॉस्फरसच्या धनभारित आयनांना ही संज्ञा आहे.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात ज्यांनी फॉस्फरस ट्रायक्लोराइड हाताळले आहे, त्यांना जुलैतल्या दमट हवेत पिंपाचे बूच सैल होताच उठणारा पांढरा धूर परिचयाचा असतो. हवेतील बाष्पाशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन क्लोराइड सुटत असल्याने तो दिसतो. फॉस्फरस ट्रायक्लोराइडचा रेणू तर भारहीन आहे. त्यातील एक क्लोराइड काढून घेतल्यास उरणाऱ्या फॉस्फेनियम धनायनात फॉस्फरसभोवती आठऐवजी सहाच इलेक्ट्रॉन राहतात, एक पी-कक्षक (इलेक्ट्रॉनांची जागा) रिकामा असतो आणि पाणी, विद्रावक किंवा सोबतचा ऋणायन यांपैकी जे जवळ असेल त्याच्याशी तो जोडला जातो.

रसायनशास्त्रज्ञ अँथनी आर्डुएन्गो यांनी १९९१ मध्ये दोन नायट्रोजन अणूंमध्ये बसलेला, अ‍ॅडमँटिल गटांनी वेढलेला वलयी कार्बीन स्फटिकरूपात मिळवला आणि या रिकाम्या कक्षकासाठी समर्थ दाता उपलब्ध झाला. प्रयोगशाळेत कार्बीन आणि क्लोरोफॉस्फीन यांचा संयोग घडवून ट्रायमिथिलसिलिल ट्रायफ्लेट या अभिकर्मकाने क्लोराइड काढता येतो. हे काम कोरड्या नायट्रोजन किंवा अरगॉन वायूखालीच चालते; कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तर ग्लोव्ह बॉक्सला (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीला) पर्यायच नाही.

खरा कुतूहलाचा प्रश्न धनभार कोठे राहतो, हा आहे. तो फॉस्फरसवर दाखवून कार्बीनकडून बाण काढता येतो किंवा कार्बीनच्या वलयावर दाखवून साधा कार्बन-फॉस्फरस बंध काढता येतो. दोन्ही चित्रे अंशतः खरी आहेत. दोन कार्बीनांमधील एकसंयुजी फॉस्फरसवर दोन इलेक्ट्रॉन-जोड्या असतात आणि त्यांतील एकीचा काही वाटा कार्बीनकडे परत जातो. २००५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ गी बेर्त्राँ यांच्या गटाने दिलेले, एकाच नायट्रोजनचे वलयी अल्किल-अमिनो कार्बीन हा वाटा अधिक घेतात, आणि हा फरक फॉस्फरस-३१ एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात फॉस्फरस अणुकेंद्रांचे संकेत मोजणाऱ्या तंत्रात) स्पष्ट दिसतो. याच गटाने २०१० मध्ये दोन कार्बीनांनी धरलेल्या डायफॉस्फरसमधून एक इलेक्ट्रॉन काढून मूलक-धनायन (एकटा इलेक्ट्रॉन असलेला धनायन), तर दोन काढून द्विधनायन वेगळे केले.

कार्बीन नेहमी फॉस्फरसची इलेक्ट्रॉनांची ओढ कमीच करतो, असे मात्र नाही. रसायनशास्त्रज्ञ डग्लस स्टीफन यांच्या गटाने २०१४ मध्ये वर्णिलेल्या फ्लुओरोफॉस्फोनियम द्विधनायनात कार्बीनचे वलय दुसरा धनभार स्वतःवर वागवते, त्यामुळे फॉस्फरस अधिकच इलेक्ट्रॉनग्राही होतो आणि प्रबळ लुईस आम्ल (इलेक्ट्रॉन-जोडी स्वीकारणारा) म्हणून वागतो.