माहिती कायदा आणि धोरणाचा अभ्यास (नागपूर)

माहिती कोणाला मिळायला पाहिजे, कोणाची झाकून ठेवायला पाहिजे आणि जो ती गोळा करून ठेवतो त्याच्यावर बंधनं काय, हे शिकवणारा हा विषय. आयटी कायदा २०००, माहिती अधिकार कायदा २००५ आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ हे तीन मुख्य, कॉपीराइट आणि सायबर गुन्हे सोबत येतातच.

नागपुरात यासाठी वातावरण चांगलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधि महाविद्यालय, म्हणजे युनिव्हर्सिटीचं लॉ कॉलेज, खूप जुनं. राष्ट्रीय विधि विद्यापीठ बुटीबोरीकडे वारंग्याला आहे आणि ट्रिपल आयटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञानाची संस्था, पण त्याच गावात, म्हणजे कायदेवाले न कोडवाले शेजारीच, त्यांनी एकत्र बसायलाच पाहिजे, कारण डेटा डिलीट केला म्हणजे सर्व्हरवर, बॅकअपमध्ये नेमकं काय झालं हे वकिलाला समजत नसेल तर तो संमती मागे घ्यायच्या हक्कावर वाद कसा घालणार. सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाचं खंडपीठ आहे, राज्य माहिती आयोगाचंही नागपूरला खंडपीठ आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला ज्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवली त्यातले शरद बोबडे नागपूरचेच, लॉ पण इथंच शिकले, पुढे सरन्यायाधीश झाले.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा भाग म्हणजे माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ). आधी त्यात असं होतं की वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्यानं खासगीपणात विनाकारण घुसखोरी होत असेल तरच नाकारता येते, आणि व्यापक जनहित असेल तर द्यावीच लागते. २०१२ च्या गिरीश देशपांडे खटल्यात, जो अकोल्याच्या पीएफ ऑफिसातल्या एका अधिकाऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डवरून सुरू झाला होता, सुप्रीम कोर्टानं मेमो, मालमत्तेचं विवरण असलं सगळं वैयक्तिक धरलं, आणि तेव्हापासून जन माहिती अधिकारी, म्हणजे ऑफिसात असे अर्ज हाताळणारे, नकार देताना हाच निकाल पुढे करतात. २०२३ च्या डेटा कायद्यानं कलमातल्या त्या अटीच काढल्या, आता नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच उरलं, बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. हे चूक झालं असं स्पष्ट म्हणावं लागते, रस्त्याच्या बिलावर कंत्राटदाराचं नाव असते, लाभार्थी यादीत माणसांचीच नावं असतात, ती झाकली तर तपासणार काय? कलम ८(२) शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, पण व्यवहारात ते दाखवायचा भार अर्जदारावरच येऊन पडते.

म्हणून प्रायव्हसी वेगळी आणि माहिती अधिकार वेगळा असं शिकून भागत नाही. विद्यार्थ्यानं एक अर्ज स्वतः टाकून पाहावा. महाराष्ट्रात जोडपत्र अ, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत. "रस्त्याची सगळी माहिती द्या" लिहिलं तर अर्ज परत येण्याचीच शक्यता जास्त, तेच "अमुक वॉर्डातल्या अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मोजणीच्या नोंदवहीची) प्रत" असं मागितलं तर टाळणं कठीण जाते. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे, जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. नाही आलं तर प्रथम अपील त्याच ऑफिसातल्या वरिष्ठाकडे, आणि तिथंही नाही जमलं तर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरं अपील.