पेशीय ताण आणि संदेशवहन : किरणोपचार व जखम भरणे

पेशीच्या रोजच्या कारभारात अडथळा आणणाऱ्या कोणत्याही इजेला पेशीय ताण म्हणतात. डीएनएचा धागा तुटणे, प्राणवायू कमी पडणे, प्रथिनांच्या घड्या चुकीच्या पडणे, उष्णता, उपासमार हे त्याचे नेहमीचे प्रकार. इजा झालेली पेशी मुकाट राहत नाही. तिच्यातली प्रथिने एकमेकांना फॉस्फेटचा गट चिकटवत निरोप केंद्रकापर्यंत पोचवतात. मग पेशी थांबून दुरुस्ती करते, किंवा विभाजन कायमचे बंद करते, किंवा मरते. मरता मरताही ती शेजारच्या पेशींना निरोप धाडते.

बोट कापल्यावर जे निरोप फिरतात तेच कर्करोगाच्या गाठीतही फिरतात. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरल्ड ड्व्होरॅक यांनी १९८६ साली गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटले ते यामुळेच. गाठ मारायची आणि शेजारची जखम भरू द्यायची, तर दोन्हींकडे जाणारी तार एकच निघते. हा पेच सर्वांत उघडपणे दिसतो तोंडाच्या कर्करोगात. तंबाखू, मिश्री, गुटखा आणि सुपारीमुळे हा रोग महाराष्ट्रात ओळखीचा आहे. त्यात शस्त्रक्रियेची जखम, किरणांनी सोललेली त्वचा आणि उरलीसुरली गाठ हे सगळे काही चौरस इंचांत एकत्र येते. ही नोंद मुख्यतः त्याच उदाहरणावर बेतलेली आहे.

इजा आणि तिची वर्दी

रुग्ण ज्याला ‘लाईट घेणे’ किंवा ‘शेक’ म्हणतात त्या किरणोपचारात मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक ग्रे किरण मिळाले की प्रत्येक पेशीत डीएनएचा एकच धागा तुटण्याच्या सुमारे १,००० घटना घडतात आणि दोन्ही धागे तुटण्याच्या २० ते ४०. पहिल्या प्रकारची दुरुस्ती सोपी असते, कारण समोरचा धागा नमुना म्हणून शाबूत असतो. पेशी मरते ती मुख्यतः दुसऱ्या प्रकाराने. क्ष-किरणांच्या बाबतीत यातली सुमारे दोन-तृतीयांश इजा थेट होत नाही. किरण पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल मूलके नावाचे अतिक्रियाशील तुकडे निघतात आणि ती डीएनएवर तुटून पडतात. प्राणवायू हजर असेल तर ही इजा पक्की होते. प्राणवायूविना तोच परिणाम साधायला अडीच ते तीन पट मात्रा लागते, म्हणून गाठीच्या गर्भातला रक्त न पोचणारा भाग शेवटपर्यंत चिवट राहतो.

दोन्ही धागे तुटल्यावर काही मिनिटांत एटीएम नावाचे किनेज, म्हणजे फॉस्फेट चिकटवणारे विकर, जागे होते, तुटलेल्या जागेभोवती डीएनए ज्यावर गुंडाळलेले असते त्या एच२एएक्स हिस्टोन प्रथिनावर खुणा करते आणि पी५३ या प्रथिनाला वर्दी देते. एरवी पी५३ चे आयुष्य अर्ध्या तासाच्या आसपास असते. एमडीएम२ हे प्रथिन त्याला सतत मोडीत काढत असते. वर्दी आली की ही मोडतोड थांबते, पी५३ साठते, पी२१ हे विभाजन रोखणारे प्रथिन तयार होते आणि पेशीचे चक्र अडते. निरोगी पेशीला तेवढी उसंत पुरते.

तंबाखूजन्य तोंडाच्या कर्करोगात बहुधा पी५३ आधीच बिघडलेले असते. म्हणजे ब्रेक नाही. तुटकी गुणसूत्रे घेऊनच पेशी विभाजनाला जाते आणि एक-दोन विभाजनांत कोसळते. म्हणून गाठ लाईट सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लहान होत नाही, तिला दिवस आणि आठवडे लागतात. ‘दहा लाईट झाल्या तरी गाठ तशीच’ ही तक्रार बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येते. त्यावरून उपचार फसला असे धरू नये.

मात्रा तुकड्यांत देतात तीही निरोगी आणि कर्करोगाच्या पेशींतल्या या फरकावर बोट ठेवूनच. शस्त्रक्रियेनंतर सहसा ६० ग्रे ३० वेळांत, आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. शस्त्रक्रिया न करता ६६ ते ७० ग्रे, सुमारे सात आठवडे. दिवसातून दोनदा द्यायचे झाल्यास मध्ये किमान सहा तास सोडतात, कारण निरोगी ऊतीची दुरुस्ती तितका वेळ घेते. हे अंतर कमी केले तर भुर्दंड मज्जारज्जू आणि त्वचा भरतात.

तोंड येते तेव्हा

तोंडाच्या आतले अस्तर एक ते दोन आठवड्यांत बदलते, त्वचा सुमारे चार आठवड्यांत. किरण तळाच्या मूळ पेशी मारतात. वरच्या, विभाजन थांबलेल्या पेशी त्यांचे दिवस संपेपर्यंत टिकतात. म्हणून पहिला आठवडा ठीक जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, १५ ते २० ग्रेच्या सुमारास, तोंड लाल होते, मग पांढुरका पापुद्रा धरलेले व्रण पडतात आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्रास शिगेला पोचतो. बाहेरच्या त्वचेला २० ते ३० ग्रेला लाली, पुढे कोरडे पापुद्रे आणि ४० ग्रेच्या पुढे, विशेषतः मानेच्या घडीत, ओली सोलवट.

केवळ पेशी मेल्याने इतका दाह होत नाही. ऑक्सिडेशनच्या ताणाने एनएफ-कप्पा-बी हा स्विच चालू होतो आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ व इंटरल्यूकिन-६ हे दाह वाढवणारे निरोप स्रवतात. हे निरोप पुन्हा त्याच स्विचला चेतवतात, त्यामुळे आग स्वतःच्याच धगीवर पेटत राहते. व्रण उघडा पडला की तोंडातले जीवाणू त्यात भर घालतात.

म्हणून तोंडाची निगा लाईट सुरू होण्याआधीच लावायची असते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी चूळ भरावी. पाणी रोज ताजे करावे. अल्कोहोल असलेले माउथवॉश व्रणाला झोंबते आणि अस्तर सुकवते. सुमारे ६३० ते ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा मंद लेझर तोंड येणे कमी करतो असे चाचण्यांत दिसले आणि २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत डोके-मानेच्या किरणोपचारासाठी त्याची शिफारस आहे. मात्र तो दर वेळी, नेमक्या मात्रेत आणि गाठीची जागा टाळून द्यावा लागतो. एखाद्या आठवड्यात दोनदा दिला आणि सोडला तर पदरी काही पडत नाही. त्वचा कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने हलकेच धुवावी, टिपून कोरडी करावी. धुऊ नये हा समज जुना आहे. हळद, तेल, तूप, बाम यांतले काहीही सोललेल्या जागेवर लावू नये. दाढी वस्तऱ्याने करू नये.

खाडा पडला की

व्रण असह्य झाले की रुग्ण चार दिवस सुट्टी मागतो. सुट्टीत तोंड खरेच सुधारते, कारण उरलेल्या मूळ पेशी वेगाने वाढू लागतात. अडचण अशी की गाठीतल्या उरलेल्या पेशीही तेच करतात. सुमारे चौथ्या आठवड्यापासून डोके-मानेच्या गाठींची वाढ जोर धरते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक जादा दिवसाची भरपाई करायला साधारण ०.६ ग्रे लागतात, हे एच. रॉडनी विदर्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवले.

ही वाढ कोण चेतवते? काही अंशी मेलेल्या पेशीच. पेशीच्या आत्मघाताची अंमलबजावणी करणारे कॅस्पेझ-३ हे विकर मरणाऱ्या पेशीत फॉस्फोलायपेझ या मेद तोडणाऱ्या विकराला चालना देते, त्यातून ॲराकिडॉनिक आम्ल सुटते आणि प्रोस्टाग्लँडिन ई२ बनते. ते शेजारच्या मूळ पेशींना ‘वाढा’ असे सांगते. चुआन-युआन ली यांच्या गटाने २०१० साली हा मार्ग उंदरांच्या जखमा भरण्यात दाखवला आणि त्याला राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याचे नाव दिले. २०११ साली त्याच गटाने किरणोपचारानंतर गाठ पुन्हा वाढण्यातही तोच मार्ग पाहिला.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. दुखणे मॉर्फिनपर्यंत जाऊन आवरावे, नाकातून नळी घालून वेळेवर अन्न द्यावे, पण खाडा टाळावा. मशीन बंद पडल्याने किंवा सणामुळे दिवस गेला तर तो शनिवारी, किंवा सहा तासांच्या अंतराने एका दिवसात दोनदा देऊन भरून काढतात. शेवटी जोडलेला दिवस ही खरी भरपाई नव्हे: मात्रा पूर्ण होते, वेळ हातची जाते.

लाईटसोबत सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचे औषध देतात तेव्हा डीएनएत नको तिथे सांधे जुळतात आणि किरणांनी झालेल्या तुटीची दुरुस्ती अडते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ३०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर आणि दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम यांची तुलना केली. दोन वर्षांनी रोग जागच्या जागी आटोक्यात राहिलेले रुग्ण अनुक्रमे ५८.५ आणि ७३.१ टक्के होते. मोठ्या मात्रेचे दुष्परिणामही जास्त होते. निरोगी ऊतीला वाचवून फक्त गाठीला ताण देता येत नाही, याचे हे रोकडे उदाहरण.

टाक्यांची जखम आणि वेळेची खिडकी

शस्त्रक्रियेची जखम पहिले तीन-चार दिवस दाहाच्या ताब्यात असते. चौथ्या दिवसापासून सुमारे तिसऱ्या आठवड्यापर्यंत तंतुजनक पेशी आणि केशवाहिन्या वाढून लाल, दाणेदार मांस भरते. प्राणवायू कमी असलेल्या जखमेत एचआयएफ-१ हे प्रथिन टिकते आणि रक्तवाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफ हा निरोप सोडते. प्राणवायूची ही जाण उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. तीन महिन्यांनी भरून आलेल्या जखमेची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्के होते. त्यापुढे सहसा जात नाही.

पेशी विभाजनाच्या ऐन भरात असताना लाईट दिली तर जखम उघडते. फार थांबले तर मागे राहिलेल्या कर्करोगपेशी जखमेतल्या, वाढ चेतवणाऱ्या द्रवात फोफावतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांत लाईट सुरू करायची असते, सहाच्या पुढे जाऊ द्यायचे नसते. ही मुदत हुकते ती बहुधा तोंडातून मानेपर्यंत छिद्र पडून लाळ गळू लागल्याने, दात काढणे लांबल्याने, नाहीतर गावाहून परत यायला पैशांची सोय न झाल्याने. किडके दात लाईटच्या किमान दोन आठवडे आधी काढून हिरडी भरू द्यावी.

आधी लाईट घेतलेल्या जागेवर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली तर शल्यचिकित्सक छातीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसह फिरवून आणतात. तिथल्या ऊतीची निरोप देण्या-घेण्याची कुवत संपलेली असते. किरण न लागलेली ऊती ती कुवत सोबत घेऊन येते.

वर्षांनंतरचा जबडा

टीजीएफ-बीटा हे निरोप देणारे प्रथिन ऊतीत कुलूपबंद साठलेले असते. किरणांनी निर्माण झालेली मूलके त्याचे कुलूप उघडतात. मग स्मॅड प्रथिनांमार्फत तंतुजनक पेशींना कोलॅजेन हे तंतूंचे प्रथिन बनवण्याचा हुकूम जातो. जखमेत हा हुकूम काही आठवड्यांनी मागे घेतला जातो, किरण लागलेल्या ऊतीत तो वर्षानुवर्षे चालू राहतो. मान ताठ होते, तोंड दोन बोटेही उघडत नाही. खालचा जबडा ६० ग्रेच्या आसपास किंवा वर मात्रा घेतो आणि पुढे कोणी त्यातली दाढ उपटते, तेव्हा खड्डा भरत नाही आणि हाड उघडे पडते. वरच्या जबड्यात रक्तपुरवठा भरपूर असल्याने तिथे हे क्वचित घडते.

रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ साली याचे खापर प्राणवायू, पेशी आणि रक्तवाहिन्यांच्या कमतरतेवर फोडले. त्यावरून दाब-कक्षात २.४ वातावरण दाबाला ९० मिनिटे प्राणवायू, दात काढण्याआधी २० आणि नंतर १० वेळा, अशी पद्धत रूढ झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या होपॉन चाचणीत त्याचा प्रतिबंधक फायदा दिसला नाही. मूळ दोष तंतू वाढण्यात आहे असे मानणारे पेंटॉक्सिफायलिन हे औषध ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि ई जीवनसत्त्व १,००० एकके देतात. परिणाम दिसायला महिने लागतात.

निरोप अडवणारी औषधे

बेव्हॅसिझुमॅब व्हीईजीएफला पकडून ठेवते, त्यामुळे गाठीबरोबर जखमेचाही रक्तपुरवठा तुटतो. शरीरातला त्याचा अर्धायुकाल सुमारे २० दिवस असल्याने नियोजित शस्त्रक्रियेच्या आधी किमान २८ दिवस ते बंद ठेवतात आणि नंतरही २८ दिवस उलटून जखम पूर्ण भरेपर्यंत सुरू करत नाहीत. सेटक्सिमॅब ईजीएफआर हा वाढीचा निरोप झेलणारा ग्राही अडवते. त्वचेची वाढ याच निरोपावर चालत असल्याने चेहऱ्या-छातीवर मुरुमांसारखे पुरळ उठते.

उलट दिशेचे उदाहरण बेकॅप्लर्मिनचे. जखमेत रक्तबिंबिका सोडतात तो पीडीजीएफ हा वाढीचा घटक ०.०१ टक्के जेलच्या रूपात मधुमेही पायाच्या जखमांसाठी अमेरिकेत १९९७ साली मंजूर झाला. तीन किंवा जास्त ट्यूब वापरणाऱ्यांत कर्करोगाने मृत्यू वाढल्याच्या संशयावरून २००८ साली त्यावर ठळक इशारा छापला गेला. पुढची आकडेवारी पाहून २०१८ मध्ये तो काढला. लावायच्या जागी गाठ असल्यास वापरू नये, ही मनाई मात्र कायम आहे.