क्रेडिट रिपोर्टच्या दाव्यातून तडजोड केलेल्या एकाच प्रतिवादीला कसं वगळायचं?

अमेरिकेत ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’ या क्रेडिट रिपोर्टविषयीच्या कायद्याखालचा दावा सहसा एकट्यावर नसतो. इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्या आणि चुकीची माहिती पुरवणारी बँक असे तीन-चार प्रतिवादी असतात. त्यातला एखादा आधी तडजोड करतो, बाकीचे लढत राहतात. पण तडजोड झाली म्हणून त्याचं नाव दाव्यातून आपोआप निघत नाही. तसा कागद कोर्टात दाखल करावा लागतो.

फेडरल कोर्टात हे दिवाणी प्रक्रियेच्या नियम ४१(ए)खाली होतं. त्या प्रतिवादीने अजून लेखी जबाबही दिला नसेल आणि समरी जजमेंटचा (पूर्ण खटला न चालवता निकाल मागण्याचा) अर्जही केला नसेल, तर वादीची एकट्याची नोटीस पुरते. जबाब येऊन गेला असेल तर स्टिप्युलेशन (पक्षांचं सह्यांसकट लेखी संमतीपत्र) लागतं, आणि लोक अडकतात ते इथेच. त्यावर हजर झालेल्या सगळ्या पक्षांच्या सह्या हव्यात, अजून भांडत असलेल्यांच्या वकिलांच्यासुद्धा. कुणी सही अडवली तर अर्ज करून न्यायाधीशांचा आदेश घ्यायचा. वकील नसेल तर वादी स्वतः सही करू शकतो. वर्ग-दाव्याला (क्लास ॲक्शन, म्हणजे अनेकांच्या वतीने केलेल्या दाव्याला) मंजुरी मिळालेली असेल तर मात्र तडजोडीलाच कोर्टाची संमती लागते.

सगळीकडे रीत सारखी नाही. फेडरल अपील कोर्टाच्या नवव्या विभागात, म्हणजे सर्किटमध्ये (कॅलिफोर्निया वगैरे), एका प्रतिवादीपुरता नियम ४१ चालतो. सहाव्यात (ओहायो, मिशिगन, केंटकी, टेनेसी) त्यासाठी नियम २१ (दाव्यातले पक्ष वाढवण्या-वगळण्याचा) वापरतात. आपल्या जिल्हा कोर्टाचे स्थानिक नियम आधी पाहा.

कागद फार नाहीत: तडजोड झाल्याची सूचना, स्टिप्युलेशन, लागल्यास आदेशाचा मसुदा आणि इतर पक्षांना प्रत दिल्याचा दाखला. मूळ करारनामा बहुधा दाखल करत नाहीत, तो गोपनीय ठेवतात. मजकुरात ‘फक्त अमुक प्रतिवादीपुरते, इतरांविरुद्धचे दावे कायम’ हे स्वच्छ लिहा. वकिलाची फी आणि खर्च कुणी सोसायचा, तेही. समोरची बाजू पैसे देण्याआधी बहुधा डब्ल्यू-९ (करदाता क्रमांक कळवायचा) फॉर्म मागते.

‘विथ प्रेज्युडिस’ लिहिलंत की त्याच कारणासाठी त्या कंपनीवर पुन्हा दावा नाही. तडजोडीत कंपनी हे मागणारच, म्हणून माझ्या मते चेक वटल्यावर आणि रिपोर्टमधली नोंद खरोखर दुरुस्त झालेली बघितल्यावरच स्टिप्युलेशन दाखल करावं. उशीर होत असेल तर कोर्टाकडून मुदत मागता येते. शिवाय सुप्रीम कोर्टाच्या १९९४च्या कोकोनेन निकालानुसार, आदेशात करारनामा समाविष्ट नसेल किंवा करार अमलात आणायचा अधिकार कोर्टाने राखून ठेवलेला नसेल, तर करार मोडल्यावर फेडरल कोर्ट केवळ तेवढ्यासाठी परत दार उघडत नाही. अधिकार राखणारं ते वाक्य हवं असेल तर न्यायाधीशांच्या आदेशातच घालून घ्या, नुसत्या स्टिप्युलेशनवर विसंबू नका.

दाखल केल्यावर डॉकेट (केसची कोर्टातली नोंदवही) उघडून पाहा. त्या एकाच नावापुढे ‘टर्मिनेटेड’ दिसायला हवं. चुकून अख्खी केस बंद दाखवली असेल तर क्लार्कच्या कार्यालयाला लगेच कळवा, कारण उरलेल्या प्रतिवादींसाठीच्या तारखा तशाच चालू असतात.