रिव्हॉल्व्हर, बंद बनावटीची

मूळ कारखान्याने उत्पादन थांबविलेली, पण परवान्यावर अजून वापरात किंवा संग्रहात असलेली फिरत्या सिलिंडरची आखूड शस्त्रे. नळी पुढे मोडून उघडणाऱ्या प्रत्येक जुन्या रिव्हॉल्व्हरला बोलताना ‘वेब्ली’ (एका ब्रिटिश कारखान्याचे नाव) म्हटले जाते. ते दर वेळी बरोबर असतेच असे नाही.

रिव्हॉल्व्हर नेमके कोणाचे, हा वाद जुना असून त्याचा एक धागा हिंदुस्थानात येतो. इलायशा कोलियर याने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये चकमकीच्या ठिणगीवर चालणाऱ्या फिरत्या पिस्तुलाचे पेटंट घेतले. मूळ कल्पना आर्टेमस व्हीलर याची होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कोलियरची शस्त्रे हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेतही आली होती. पुढे रिव्हॉल्व्हरसाठी नावाजलेला अमेरिकी सॅम्युअल कोल्ट १८३०-३१ च्या सुमारास ‘कॉर्व्हो’ जहाजावरून कोलकात्याला येऊन गेला. जहाजावरील चाक पाहून आपल्याला कल्पना सुचली आणि लाकडी नमुना तिथेच कोरला, ही कोल्टच्या बाजूची हकीकत. त्याने कोलियरचे पिस्तूल कोलकात्यात पाहिले असावे, हा काही शस्त्रेतिहासकारांचा तर्क. तर्क अशक्य नाही, पण पुरावा परिस्थितिजन्यच आहे. शिवाय कोलियरच्या विक्रीस आलेल्या बहुतेक नगांचे सिलिंडर हाताने फिरवावे लागे. कोल्टच्या पेटंटात (इंग्लंड १८३५, अमेरिका १८३६) घोडा (काडतुसावर आघात करणारा भाग) मागे ओढताच एक खिटी सिलिंडरमधील पुढचे घर, म्हणजे काडतुसाचा खण, नळीसमोर आणते व दुसरी सिलिंडर तिथे अडकवून ठेवते. आजचे रिव्हॉल्व्हर याच जोडणीवर चालते. तेव्हा कोलकात्यात काय पाहिले, या प्रश्नाला वाटते तितके वजन नाही.

बर्मिंगहॅमच्या वेब्लीचे मार्क १ हे १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारले, तर .४५५ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यास, इंचांत) मार्क ६ हे १९१५ मध्ये. मार्क ६ ची नळी ६ इंची, वजन सुमारे १.१ किलो. परवानाधारकाच्या दृष्टीने मात्र वेब्ली मार्क ४ चे .३२ बोअरचे रूप अधिक महत्त्वाचे, कारण .३८० व .४५५ ही काडतुसे घेणारी रिव्हॉल्व्हरे भारतीय शस्त्र नियमांत प्रतिबंधित गटात मोडतात. सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हरही रचनेने वेब्लीच्याच वळणाचे आहे. अमेरिकी बनावटींत कोल्ट पायथन (१९५५) विशेष प्रसिद्ध. ते २००० च्या आसपास बंद झाले; २०२० मध्ये त्याच नावाने नवे आले, पण आतली यंत्रणा बदललेली होती. स्मिथ अँड वेसनने नळी आडव्या खिळीने पक्की करण्याची रीत १९८२ मध्ये सोडली, म्हणून त्याआधीचे नग वेगळे मोजले जातात.

अशा बंद बनावटींच्या ओढीमागे घराण्याचा अभिमान असतो, असे सांगितले जाते. आटलेला पुरवठा हे कारण अधिक पटते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ थांबली, त्यामुळे देशात जे आहे तेच हातोहात फिरते. दुसरे कारण कारागिरीचे. जुन्या नगांतील खिट्या व चाप कानस लावून एकेका शस्त्राला बसविलेले असत. चाप गुळगुळीत लागतो तो त्यामुळे, आणि सुटा भाग दुसऱ्या नगाला तसाच बसत नाही तोही त्यामुळेच.

तपासणीआधी सहाही घरे रिकामी असल्याची डोळ्याने व बोटाने खात्री करावी. मग घोडा सावकाश मागे न्यावा. तो पूर्ण अडकण्याच्या आत सिलिंडर ‘टक्’ करून पक्के झाले पाहिजे. प्रत्येक घरावर हे पाहावे, कारण एकाच घरावर खोट असू शकते. चाप दाबून धरला असता सिलिंडर डुगडुगले, तर खाच किंवा खिटी झिजली आहे. सिलिंडर व नळी यांतील फट ०.१० ते ०.२० मिमी चांगली, ०.२५ च्या वर गेली की बाजूने शिशाचे कण उडू लागतात. वेब्लीत याशिवाय बिजागरीची खिळ आणि वरची कडी पाहावी. सिनेमात दिसते तसे एका हाताने झटका देऊन शस्त्र मिटण्याने हे दोन्ही भाग सैल होतात. रिकामी टोपणे (उडालेल्या काडतुसांची धातूची आवरणे) काढताना नळी एका दमात पूर्ण मोडावी. अर्धवट उघडल्यास टोपणाची कड टोपणे बाहेर ढकलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली शिरते आणि शस्त्र ना उघडते ना मिटते.

काडतुसांचा घोटाळा नेहमीचा. ‘.३२ बोअर’ एवढ्याच नोंदीखाली दोन जाती येतात: पिस्तुलाचे १७ मिमी टोपणाचे आणि रिव्हॉल्व्हरचे २३ मिमी टोपणाचे, रुंद कडेचे. पिस्तुलाचे काडतूस काही रिव्हॉल्व्हरांत बसते, म्हणून ते चालेल असे समजू नये. सैन्यातील काही मार्क ६ ची सिलिंडरे .४५ एसीपी (स्वयंचलित कोल्ट पिस्तुलाच्या) काडतुसासाठी मागून तासलेली आढळतात. त्या काडतुसाचा दाब मूळ .४५५ पेक्षा बराच जास्त असल्याने सिलिंडर फाटण्याचा धोका असतो.

सोलापूरच्या कोरड्या, धुळीच्या हवेत गंजापेक्षा चिकटलेले तेल अधिक त्रास देते. उन्हाळ्यात तेलाचा पातळ भाग उडतो, उरलेल्यात धूळ बसते आणि खिटी जड चालते. एकेका सांध्याला एक थेंब पुरे. पुसायला टेरी टॉवेल घेऊ नये, शहरात तो कितीही मुबलक असला तरी. त्याचे धागे खिटीत अडकतात. सुती चादरीत किंवा चामडी म्यानात गुंडाळून ठेवलेले शस्त्र पावसाळ्यात ओल धरते व झिलईवर ठिपके पडतात.

शहरात परवाना पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत ५ वर्षे आहे. परवानाधारकाचे वय ७० झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर ते हयातीतच वारसाच्या नावे करण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. निवडणुकीच्या काळात छाननीनंतर शस्त्र ठाण्यात जमा करावे लागू शकते. ते म्यानातून काढून, तेलाचा पातळ हात देऊन द्यावे. पावतीवर फ्रेमवरील क्रमांक लिहून घ्यावा, आणि सिलिंडरवर क्रमांक असेल तर तोही.