छाननीची नोटीस म्हणजे करचोरीचा ठपका नव्हे
प्राप्तिकर कायदा, १९६१ मधील कलम १४३(२) खालील नोटीस आली म्हणजे करचोरी पकडली गेली, हा वर्षानुवर्षे पसरलेला समज चुकीचा आहे. विवरणपत्रातील उत्पन्न, वजावटी आणि तोटा यांची खातरजमा करण्यासाठी पुरावे मागणारी ती नोटीस असते. तिच्यावरील दस्तऐवज ओळख क्रमांक प्रथम प्राप्तिकर पोर्टलवर पडताळावा. बहुतांश प्रकरणांत उत्तर तेथेच सादर करायचे असते, त्यामुळे 'आतली ओळख' असल्याचे सांगणाऱ्या मध्यस्थाला पैसे देणे निव्वळ नुकसानीचे आहे. जेवढे विचारले तेवढ्याचेच, बँक उताऱ्यांसह मुद्देसूद उत्तर द्यावे आणि कागदपत्रे जमवण्यास वेळ लागणार असेल, तर मुदत संपण्यापूर्वीच वाढ मागावी. खरा धोका गप्प बसण्यात आहे: कलम १४४ नुसार अधिकारी उपलब्ध माहितीवरून उत्पन्न ठरवू शकतो, शिवाय १०,००० रुपयांचा दंडही होऊ शकतो.