देवी व शीतळा-उपासना (मराठवाडा)

देवी (मसूरिका) ह्या साथीच्या रोगाभोवती वाढलेली शीतळादेवीची उपासना व लसीकरणानंतर तिच्यात पडलेला फरक. मराठवाड्यात हा रोग न म्हणता ‘बाई आली’, ‘देवी आल्या’ असे म्हणण्याची रीत होती. मुलाला फोड आले की घरात फोडणी-तळण बंद होई, दाराला कडुनिंबाचे डहाळे लागत, चपला बाहेर राहत. खपल्या धरल्या की मुलाला नाहू घालून दहीभाताचा नैवेद्य दाखवीत.

उपासना नेमकी किती जुनी, ह्यावर एकमत नाही. सुश्रुतसंहितेत मसूरिका क्षुद्ररोगांत (किरकोळ रोगांत) मोडते व तिचे वर्णन त्रोटक आहे. माधवनिदान ह्या वैद्यकग्रंथात (बहुधा इ. स. सातवे-आठवे शतक) तिला स्वतंत्र प्रकरण मिळते, त्यावरून मधल्या काळात रोग तीव्र झाला असावा, असे काही अभ्यासक मानतात. वैद्यकग्रंथांत शीतळा ठळकपणे दिसते ती भावप्रकाशात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या सुमारास. तेथे उपचारांच्या जोडीला शीतलास्तोत्रही दिले आहे. हे स्तोत्र स्कंदपुराणातले म्हणून उपासना प्राचीन ठरविली जाते. परंतु त्या पुराणाचे थर निरनिराळ्या काळांतले असल्याने हा पुरावा फारसा टिकत नाही. रोग आधी व देवी नंतर, हा क्रम अधिक सयुक्तिक वाटतो.

गोस्तनदेवीची (गाईंना होणाऱ्या देवीसारख्या रोगाची) लस भारतीयांना इंग्रज डॉक्टर जेन्नरने ती टोचण्याच्या (१७९६) आधीच ठाऊक होती, हा दावाही येथे तपासला पाहिजे. त्यासाठी धन्वंतरीच्या नावावरील संस्कृत वचने पुढे केली जातात. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासकडे प्रसृत झाली. नवी लस शास्त्रसंमत वाटावी म्हणून कोणीतरी ती रचली असावीत, हे मत आता बहुधा मान्य आहे. लसीला धर्माचा आधार लागला, एवढे मात्र त्यावरून दिसते. माणसाच्या फोडातील द्रव्य टोचण्याची जुनी पद्धत वेगळी. तिची वर्णने मुख्यतः बंगालची आहेत.

भारतात पहिली लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी टोचली गेली. मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणजे मुंबईच्या इंग्रजी कारभाराबाहेर होता. लस टोचणाऱ्याला मराठी मुलखात ‘देवी डॉक्टर’ म्हणत. रोगाचे, देवीचे आणि लसीचे नाव एकच झाले. हा डॉक्टर गावात शिरताच आया पोरांना लपवीत. ह्याचे खापर बहुतेक लेखक अंधश्रद्धेवर फोडतात, पण कातडी खरवडणारे फिरत्या पात्याचे हत्यार व नंतर येणारा ताप हीही कारणे होती. दुटोकी सुई आल्यावर (साधारण १९७० च्या आसपास) काम सोपे झाले: लसीच्या थेंबात बुडवून दंडावर भराभर पंधरा टोचे. राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. शेवटी शेवटी रोगी कळविणाऱ्यास एक हजार रुपयांचे बक्षीस होते. देशातील अखेरचा रोगी मे १९७५ मध्ये आसामात आढळला. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले.

घरातील पथ्ये म्हणजे विलगीकरणाचे पूर्वज्ञान, असे अलीकडे म्हटले जाते. ते धाडसाचे आहे. रोग्याकडे देवी म्हणून दर्शनालाही शेजारी येत, आणि संसर्गाला तेवढे पुरे होते.

रोग गेला तरी शीतळा गेली नाही. तिचे कार्यक्षेत्र गोवर-कांजिण्यांकडे सरकले. कांजिण्या आलेल्या मुलाला दवाखान्यात नेतात, गोळ्याही देतात; घरी अंथरुणाशी निंबाचा पाला मात्र ठेवतातच. रोगाचे कारण सांगणे डॉक्टरकडे गेले, पथ्य आणि नवस बाईकडे राहिले. श्रावणातील शीतला सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे शिळे अन्न खाण्याची चाल काही घरांत अजून आहे.