डायल-अप जोडणीचा संथपणा : कारणे व निवारण (पुणे)

साध्या दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून मोडेमने (संगणकाचा संदेश फोनच्या तारेवरून ने-आण करणाऱ्या यंत्राने) साधलेली इंटरनेट जोडणी अपेक्षेपेक्षा हळू चालणे किंवा वरचेवर तुटणे, या दोषाचा शोध व त्यावरचे उपाय. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे पुण्याला स्वतःचा नोड (सेवेचे स्थानिक केंद्र) मिळाला आणि इथल्या ई-मेल पत्त्यांना ‘जीआयएएसपीएन०१’ हे लांबलचक शेपूट लागले. विद्यार्थ्यांच्या स्वस्त ‘शेल’ खात्यात चित्रांविना नुसता मजकूर दिसे, तेव्हा संथपणा फारसा जाचत नसे. चित्रांची पाने घरात उघडू लागली तशी तक्रारही घरोघरी झाली.

दोष शोधण्याआधी मर्यादा ठाऊक हवी. दूरध्वनीची वाहिनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जाऊ देते. त्यातून व्ही.३४ पद्धतीचा मोडेम सेकंदाला जास्तीत जास्त ३३.६ किलोबिट नेतो. १९९८ च्या व्ही.९० पद्धतीने उतरत्या दिशेला (सेवादात्याकडून घराकडे) ५६ चा आकडा गाठला, पण एका अटीवर : एक्स्चेंजपासून सेवादात्यापर्यंतचा मार्ग पूर्ण डिजिटल हवा आणि अ‍ॅनालॉग टप्पा ग्राहकाच्या तारेपुरताच हवा. मधे कचेरीचा ईपीएबीएक्स (तिथले अंतर्गत छोटे एक्स्चेंज) आला, किंवा एका जोडतारेवर दोन ग्राहक बसवणारे उपकरण आले, की ५६ चा मोडेमही ३३.६ किंवा त्याखाली येतो. अशा लाइनवर मोडेमला दिलेल्या आज्ञा कितीही बदलल्या तरी उपयोग नाही. चांगल्या लाइनवरही ४० ते ५० मिळाले तर समाधान मानावे.

निम्म्या तक्रारी आकडे वाचण्यातल्या गोंधळाच्या असत. ३३.६ किलोबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ किलोबाइट. उतरणाऱ्या फाइलपुढे ३.८ दिसले तर मोडेम ठणठणीत आहे. उलट पडद्यावर ‘११५२००’ दिसल्याने हुरळणारेही होते. तो वेग संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या केबलचा. लाइनचा खरा वेग मोडेमच्या लॉगमध्ये (जोडणीच्या नोंदवहीत) सापडतो.

खरी तपासणी कानाने सुरू होते. रिसीव्हर उचलून एकच आकडा दाबावा, म्हणजे डायल टोन थांबतो, आणि त्या शांततेत ऐकावे. थांबून थांबून खरखर येत असेल तर सांधा सैल किंवा ओला असण्याची शक्यता. एकसुरी गुणगुण असेल तर जोडीतली एक तार कुठेतरी भिंतीला किंवा जमिनीला लागलेली. दुसऱ्याचेच बोलणे ऐकू आले तर केबलमध्ये शेजारच्या जोड्यांत मिसळ झालेली. बोलणाऱ्याला ही खरखर चालून जाते, मोडेमला नाही. तो चुकलेले तुकडे पुन्हा मागवतो, मधेच थांबून पलीकडच्या मोडेमशी वेगाबद्दल नव्याने वाटाघाटी करतो आणि वेग उतरवतो.

मग घरातली तार. पेठांतल्या वाड्यांत एकाच लाइनचा फोन खाली दिवाणखान्यात आणि पॅरलल वर माडीवर, अशी सोय नेहमीची. तार तुळईच्या कडेने खिळे ठोकून नेलेली, मधले जोड नुसते पिळून सेलोटेप गुंडाळलेले. माडीवरचा फोन काढून टाकला तरी त्याची तार लोंबतच राहते, आणि असा मोकळा फाटा संदेशाचा प्रतिध्वनी परत पाठवतो. म्हणून रोझेटपाशी (बाहेरची तार जिथे घरात येऊन जोडली जाते त्या डबीपाशी) घरातले सगळे फाटे सोडवून, बाहेरून आलेल्या ड्रॉप वायरला आखूड तारेने थेट मोडेम लावून पाहावा. वेग वाढला तर दोष घरातला. जोडणी चालू असताना माडीवरून कुणी ‘हॅलो?’ करत रिसीव्हर उचलला तर मात्र इलाज एकच, घरच्यांना आधी सांगून ठेवणे. कॉल वेटिंगची टुकटुकही जोडणी पाडते. ती सेवा बंद करून घ्यावी.

थेट जोडूनही खरखर राहिली तर दोष डीपी बॉक्स (जिथून घरोघरच्या तारा फुटतात ती पेटी), पिलर (रस्त्याकडेचे केबल-जोडणीचे कपाट) किंवा जमिनीखालच्या केबलमध्ये. पावसाळ्यात आणि रस्तेखोदाईनंतर (पुण्यात हे दोन्ही ऋतू लांब असतात) सांध्यांत पाणी शिरते. तक्रारीचा क्रमांक तेव्हा १९८ होता. तिथे ‘नेट स्लो आहे’ असे सांगू नये. लाइनमन येतो, आवाज ऐकतो, ‘चालू आहे की’ म्हणून निघून जातो. ‘लाइनवर खरखर आहे’ एवढेच सांगावे आणि तो आला की त्यालाच ती ऐकवावी. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की मोडेमची फोनची पिन काढावी. नुसता विजेचा प्लग काढून भागत नाही, कारण झटका फोनच्या तारेतूनही येतो.

सेटिंगची पाळी यानंतर. आपल्याकडचा डायल टोन काही मोडेमना ओळखू येत नाही. त्यांना ‘एक्स३’ आज्ञा देऊन टोनची वाट न पाहता डायल करायला लावतात. जुन्या संगणकात सीरियल पोर्टची (बाहेरचा मोडेम जिथे लावतात त्या खाचेची) चिप १६५५० जातीची नसेल तर बाहेरच्या मोडेमचे बाइट वाटेतच हरवतात. क्षणभराच्या व्यत्ययाने फोन कटत असेल तर ‘एस१०’ रजिस्टरचा, म्हणजे संदेश तुटल्यावर मोडेम किती वेळ वाट पाहून फोन ठेवतो ते ठरवणारा, आकडा वाढवावा. आणि सर्वांत कमी वापरला गेलेला उपाय : कमाल वेग मुद्दाम खाली बांधणे. खराब लाइनवर ४४ ला जोडून दर दोन मिनिटांनी अडखळणाऱ्या मोडेमपेक्षा २८.८ वर स्थिर राहिलेला मोडेम फाइल लवकर उतरवतो. आकड्याच्या हौसेपायी हे फारसे कुणी करत नसे.

जोडणीचा वेग चांगला, सेवादात्याच्या स्वतःच्या सर्व्हरवरची फाइल झरझर उतरते, पण परदेशी पान उघडता उघडत नाही, असे असेल तर तार आणि मोडेम दोन्ही निर्दोष. अडथळा पुढे, गर्दी झालेल्या सामायिक वाहिनीत असतो. तेव्हा वेळ बदलून पाहणे एवढेच हातात उरते.

२००५ पासून भारत संचार निगमचे ब्रॉडबँड याच जोडतारेवरून, आवाजाच्या वरचा कंप्रता-पट्टा वापरून, घरी येऊ लागले. त्यामुळे फोन आणि नेट एकाच वेळी चालू लागले. पण ओले सांधे, लोंबते फाटे आणि फिल्टर (नेटचा पट्टा फोनपासून वेगळा ठेवणारी डबी) न लावलेला पॅरलल फोन यांचा त्रास त्याही मोडेमला झाला.